भूमीची नाडीपरीक्षा

मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी ज्वालामुखीचा विषय का निवडावा, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आपल्याच सीमाभागात आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर येथे जमीन वारंवार हादरू लागली, तिच्या पोटातून गडगडाट ऐकू येऊ लागला. त्या दिवसांत, ‘येथे ज्वालामुखी तर फुटणार नाही ना?’ असे भालकी-बसवकल्याणच्या अनेक परिचितांनी मला विचारले. त्या प्रश्नाचे हे उत्तर.

प्रथम शब्द पाहू. ‘ज्वालामुखी’ हे मुळात देवीचे नाव. कांगड्याच्या ज्या देवस्थानामुळे ते सर्वतोमुखी झाले, तेथील ज्योती भूगर्भातील वायूच्या आहेत; तेथे ज्वालामुखी पर्वत नाही. ज्वालामुखींचे जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार आपण शाळेत शिकलो. त्यांतील मधला फसवा. फिलिपीन्समधील पिनाटुबो पर्वत सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. १९९१ च्या मार्चपासून त्याच्या परिसरात धक्के सुरू झाले. शास्त्रज्ञांनी लक्षणे ओळखली, हजारो लोकांना वेळीच हलविण्यात आले, आणि १५ जूनला महास्फोट झाला.

ही लक्षणे कोणती? तप्त शिलारस वर चढताना खडक फोडतो, म्हणून लहान लहान भूकंपांची माळ लागते. पर्वताचा उतार काही सेंटिमीटरांनी फुगतो. गंधकयुक्त वायू वाढतात, जमीन तापते. वैद्य नाडी, ताप आणि श्वास पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु रोगी समुद्रात दूर एकटाच असेल तर? आपल्या देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी असाच आहे. अंदमानातील बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्रीविजयपुरमच्या) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर आहे. तेथे मनुष्यवस्ती नाही. दीर्घ शांततेनंतर ते १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच समुद्रतळाचे नमुने घेत असता, अकस्मात राखेचे लोट उठले. त्यांनी सुरक्षित अंतरावर जाऊन निरीक्षण केले. दिवसा राख दिसे, अंधार पडल्यावर लाव्हारसाची लाल कारंजी. पण असा योग क्वचित. एरवी त्या बेटाचा ताप कृत्रिम उपग्रह पाहतात. राख विमानाच्या इंजिनात शिरली तर ते बंद पडू शकते. म्हणून तिची सूचना ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या केंद्रातून वैमानिकांना दिली जाते.

आता आपली भूमी. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणाची झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हारस होय. बिदरच्या किल्ल्याचा तांबडा जांभा हे त्याच पाषाणाचे झिजलेले रूप. तो अग्नी केव्हाच विझला आहे. ‘मृत’ हा शब्द येथे निःशंकपणे वापरावा.

याचा अर्थ भूमी निर्जीव झाली असा मात्र नव्हे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. तेथे काळ्या पाषाणाचे थर सुमारे ३४० मीटरांवर संपतात. भूकंपाचे मूळ त्याखालच्या प्राचीन खडकांत होते. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, तेथे धक्क्यांची मालिका जाणवली होती. पण केवळ धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता येत नाही. अशा बहुतेक मालिका आपोआप शमतात. ज्वालामुखी अनेक लक्षणे एकत्र दाखवितो, भूकंप तसे दाखवीत नाही. हा भेद ध्यानी ठेवावा.

म्हणून सीमाभागातील माणसाने ज्वालामुखीचे भय सोडावे, भूकंपाचे भान सोडू नये. किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनी आणि धाब्यांनी माणसे मारली, लाव्हारसाने नव्हे. उपकरणे भूमीची नाडी पाहत राहतील. घर पक्के बांधणे आणि अफवेला थारा न देणे, हे मात्र आपल्याच हाती आहे.