पेन्सिल हातात देण्याआधी

‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला मात्र तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. मग त्याच्या घरातल्या तान्ह्या बाळाचं काय? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडात नेमकं हेच तपासलं. बाळाला हिंदीतले त आणि ट ऐकवायचे. आवाज बदलला की बाजूचं एक खेळणं उजळून हलू लागायचं. फरक कळणारं बाळ आवाज बदलताच तिकडे मान वळवायचं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बहुतेक बाळं हा फरक ओळखतात. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र ही क्षमता जवळजवळ ओसरलेली असते.

म्हणजे बोलायला लागण्याआधीच बाळाचा कान घरच्या भाषेला सरावतो. त्यासाठी कुणी शिकवणी घेतलेली नसते. आंघोळ घालताना आजी जी अखंड बडबड करते, तीच ही शाळा. ‘त्याला अजून कुठे कळतंय’ म्हणून गप्प बसणाऱ्या घरात बाळाचं नुकसान होतं.

कानाचं जसं, तसंच अंगाचं. वाढ डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांच्या टोकांकडे सरकते. बाळ आधी मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, उभं राहतं. कुणी रांगणं गाळून थेट उभंही राहतं. क्रम साधारण तोच असला, तरी वेळ ज्याची त्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांप्रमाणे निरोगी मूल सुमारे आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान कधीही आधाराशिवाय चालू लागतं. दहाव्या महिन्यात चाललेली शेजारची चिंगी आणि पंधराव्यात चाललेला आपला बंडू, दोघंही ठणठणीत असतात.

हाताची गोष्ट तर पालकांनी जरूर समजून घ्यावी. बाळ आधी अख्ख्या पंजाने वस्तू धरतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाताचं शीत उचलायला नववा-दहावा महिना उजाडतो. तिथून पेन्सिलवर ताबा येईपर्यंत आणखी काही वर्षं जातात. मधल्या काळात कणकेचा गोळा थापणं, मटार सोलणं, सदऱ्याची बटणं लावणं या उद्योगांतच बोटं तयार होतात. घाईच्या सकाळी ही बटणं आई लावून टाकते, आणि संध्याकाळी त्याच मुलापुढे ‘अ’ गिरवायची वही ठेवते!

विचारांनाही असाच क्रम असतो, हे स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी दाखवलं. दोन सारख्या पेल्यांत सारखं सरबत ओता. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एकातलं सरबत उंच, अरुंद पेल्यात ओता. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा ठामपणे सांगतं, की उंच पेल्यात जास्त आहे. सातव्या वर्षाच्या आसपास त्यालाच हा प्रश्न बावळट वाटू लागतो. याचा अर्थ लहान मुलाला अक्कल नसते असा नव्हे. पियाजेंचा असाच एक प्रयोग दोन सारख्या ओळींत मांडलेल्या वस्तूंचाही होता. मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ साली त्यात एक ‘खोडकर अस्वल’ आणलं. प्रयोग घेणाऱ्या मोठ्या माणसाऐवजी या अस्वलाने ओळ विस्कटली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी दोन्हीकडे सारख्याच वस्तू असल्याचं बरोबर सांगितलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आधीचं उत्तर चुकलं असणार असं मुलाला वाटतं. वर्गात ‘नक्की?’ असं दरडावून विचारणाऱ्या गुरुजींनी हे ध्यानात ठेवावं.

रशियाचे लेव्ह विगॉत्स्की यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. मुलाला एकट्याला जमत नाही, पण कुणी जरासा हात दिला तर जमतं, अशा कामांच्या पट्ट्यात खरं शिकणं घडतं. त्यासाठी मूल आज कुठे आहे हे आधी पाहावं लागतं.

हे पाहण्याचं काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धत आत्मसात केली होती. पण १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत केंद्र सुरू केल्यावर प्रश्न वेगळेच निघाले. वारली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे असत, म्हणून शिक्षिका कुरणात जाऊन शिकवू लागल्या, ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, पण समुद्र आणि रान हाताशी होतं. शिंपले, बिया, खडे आणि पानं यांतून रंग, आकार आणि मोजणी शिकवली जाऊ लागली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी हळूहळू देशभर पोचली.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट खेळातून शिकण्याचा मानला आहे. तरी पुष्कळ ठिकाणी छोट्या गटातल्या मुलांची दप्तरं लिहायच्या गृहपाठाने भरलेली दिसतात. बालवाडीत प्रवेश घेताना पालकांनी इमारत आणि गणवेश नंतर पाहावा. आधी विचारावं, की इथे माती आणि वाळू आहे का, मुलांना दिवसातून किती वेळ हातांनी काही करायला मिळतं, ताई मुलांशी घरच्या भाषेत बोलतात का. आणि तीन वर्षांच्या मुलाला रोज पानभर लिहायला लावणारी शाळा असेल, तर सरळ दुसरी शोधावी.