घर एक, नकाशे तीन



उसाच्या लागणीवर लिहिणारा माणूस आज बांधकामावर कसा काय लिहितो, असे आपणास वाटेल. उसाचे बिल हाती आले की पुष्कळ सभासद घराचे काम काढतात. माझ्या कळंबच्या घराच्या वेळी जे झाले ते आपल्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख.

माझ्या घराची आखणी एकाने केली, स्लॅब-बीमचा हिशोब दुसऱ्याने आणि पाईपांचा नकाशा तिसऱ्याने. तिघेही आपापल्या कामात तरबेज. पण तिघांची सॉफ्टवेअरे वेगळी. एकाची फाईल दुसऱ्याकडे धड उघडेना, म्हणून नकाशा छापून पाठवायचा अन् दुसऱ्याने तो नव्याने काढायचा, असे चालले. मध्येच वरच्या मजल्यावरचा संडास दीड फूट सरकवला गेला. ते बीमवाल्याला कळलेच नाही! स्लॅब पडल्यावर प्लंबर म्हणाला, "साहेब, पाईप उतरायच्या जागी तर बीम आहे." बीमला भोक पाडणे धोक्याचे. शेवटी पाईप बैठकीच्या खोलीतून वळवून न्यावा लागला. पैसा गेला, पंधरा दिवस गेले, आणि चूक नेमकी कोणाची हे आजही सांगता येत नाही.

हल्ली इमारत नुसत्या रेघांनी काढत नाहीत. रेव्हिट, आर्चिकॅड, टेकला अशा सॉफ्टवेअरमध्ये ती संगणकावर पुरती उभीच करतात. त्याला मॉडेल म्हणतात. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची जाडी किती, विटेची की काँक्रीटची, सगळे त्यात. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीची फाईल निराळी. यावर तोड म्हणून १९९५ च्या सुमारास अमेरिकेत काही कंपन्या एकत्र आल्या आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली सामाईक फाईल ठरवण्याचे काम सुरू झाले. तिला आयएफसी म्हणतात. २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

आयएफसी म्हणजे तयार साखर समजा. मोजता येते, तपासता येते, कोणालाही देता येते. पण साखरेचा परत ऊस होत नाही. म्हणून बदल करायचा तर ज्याचे मॉडेल त्यानेच मूळ फाईलीत करावा आणि नवी आयएफसी काढून द्यावी. दुसऱ्याने परस्पर हात लावू नये. मग तिघांच्या फाईली एकात एक बसवून पाहिल्या की पाईप बीममध्ये कोठे घुसतो ते संगणक दाखवतो. तेथे भोक पाडायला काही खर्च येत नाही.

मात्र मोजणीची सुरुवात सर्वांनी एकाच खुणेपासून धरली पाहिजे. वावर मोजताना दोघांनी दोन दगडांवरून साखळी टाकली तर धुरा जुळेल काय? तसेच हे. एक मिलिमीटरमध्ये अन् दुसरा फुटात, हाही घोळ पहिल्याच दिवशी मिटवावा.

नागपूर मेट्रोने आपण गेलाच असाल. २०१५ साली काम सुरू होऊन ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. तेथे लांबी, रुंदी, उंची यांना वेळ आणि खर्च जोडून 'फाईव्ह-डी बिम' पद्धत वापरली. मॉडेलला बेंटली, वेळापत्रकाला प्रायमाव्हेरा, हिशोबाला सॅप. सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबण्याचा हट्ट धरला नाही, ती एकमेकांशी जोडून घेतली.

मेट्रो कोठे अन् आपले चार खोल्यांचे घर कोठे, हे खरे. लहान कामाला तिघांना एका टेबलाशी बसवून नकाशे ताडून पाहिले तरी भागते. पण ते करायचे कोणी, हे पहिला हप्ता देण्यापूर्वीच ठरवून लिहून घ्या. मी तेच केले नव्हते. त्यांनी मॉडेल केले असेल तर आयएफसी मागा. ती नुसती पाहण्याची साधने फुकट मिळतात, घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा. आणि प्रत्येक नकाशावर तारीख घाला. माझ्या घरी मिस्त्रीच्या हातात स्लॅबच्या दिवशी जो कागद होता, त्यावर ती नव्हती.

— ऊस विकास अधिकारी