समुद्राला बांध कोण घालणार?

बांध कोरण्यावरून आपल्या भोर-वेल्ह्यात किती भांडणं होतात, हे तुम्हाला सांगायला नको. मधून ओढा वाहत असेल तर विचारूच नका. पुरात ओढ्याने पात्र बदलले, की हद्द काठावर धरायची की धारेच्या मधोमध, यावर मोजणीचे अर्ज वर्षानुवर्षे चालतात. नेमके हेच भांडण भारत आणि पाकिस्तानात सर क्रीक खाडीवरून चालू आहे, आणि त्याची झळ आपल्या पालघरच्या मच्छीमारांना बसते.

कच्छच्या दलदलीतील ही खाडी सुमारे ९६ किलोमीटर लांब आहे. १९१४ साली मुंबई सरकारने सिंध आणि कच्छ संस्थान यांच्या हद्दीचा ठराव केला. त्या नकाशातली हिरवी रेघ पूर्व काठावर आहे, म्हणून सगळी खाडी आमची, असे पाकिस्तान म्हणते. भारत १९२५ च्या नकाशाचा आधार देऊन हद्द प्रवाहाच्या मध्यावर धरतो. कच्छच्या रणाचा निवाडा १९६८ मध्ये झाला, पण ही खाडी त्यातून वगळलेली होती. खाडीच्या मुखाशीच खूण नक्की नाही, तर पुढे समुद्रात रेघ ओढायची कुठून?

दरम्यान कायदे झाले. १९७६ च्या कायद्याने १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र ठरले. १९८१ च्या कायद्याने परदेशी बोटींना विनापरवाना मासेमारीची बंदी केली. प्रादेशिक समुद्रात घुसल्यास कैद किंवा दंड; त्यापलीकडच्या आर्थिक क्षेत्रात फक्त दंड.

हा फरक ध्यानात घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याचे कलम ७३ हेच सांगते: आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैद देता येत नाही; जामीन घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडावेत. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला.

तरी माणसे तुरुंगात जातातच. डहाणू-तलासरीकडची आदिवासी माणसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, जशी आपली पोरं भाताची कापणी आटोपली की पुण्या-मुंबईची वाट धरतात. बोट पकडली गेली, की शिक्षा संपल्यावरही नागरिकत्वाची खात्री होईपर्यंत सुटका लांबते. इकडे घरचा कमावता हात गेलेला असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर पाकिस्तानी गोळीबारात पालघरचा एक मच्छीमार जिवानिशी गेला.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. हे चांगलेच आहे, पण यादीत नाव आले म्हणजे माणूस घरी आला असे नव्हे.

हद्दीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर बोट अडवा, दंड करा, पण खलाशाला घरी पाठवा. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात सालगड्याला कुणी कोठडीत टाकतं का?