नदीतला ऑक्सिजन मोजताना

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. मासे जगतात ते त्यावरच. तो मोजण्याची विंक्लर पद्धत १८८८ सालची आहे. ती शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना आधी नदीकाठी नेतो.

बाटली पाण्याखाली, आत बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी. लगेच मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावावे आणि बाटली उलटसुलट करावी. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही.

पुढे सल्फ्युरिक आम्ल (हे शिक्षकांनीच घालावे) घातले की साका विरघळून ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मुक्त होते. २०० मिलिलिटर नमुन्याचे ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करावे. रंग फिका पिवळा झाल्यावर स्टार्च घालावा. निळा रंग जाईपर्यंत जितके मिलिलिटर द्रावण लागते, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरमध्ये असतो.

पण हा साका काठावरच का करायचा? कारण नुसते पाणी आणले तर वाटेत जिवाणू ऑक्सिजन वापरतात. बाटली अर्धवट भरली तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो. स्नानासाठीचा आपला निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे. अशा बाटलीमुळे ३ मिलिग्रॅमचे पाणीही त्यात बसू शकते, आणि मुले त्यात उतरतात.