परीक्षा यंत्राची, माणसाची नव्हे!

नवा मिक्सर घरी आला की पहिले दोन दिवस तो शहाणा आणि आपण मठ्ठ ठरतो. झाकण बसले नाही तर आपण म्हणतो, “मलाच मेलं काही समजत नाही!” माझा व्यवसाय याच्या नेमका उलट आहे. माणूस अडला की दोष वस्तूचा, असे धरून मी ती वस्तू तपासते. या कामाला वापरसुलभतेची चाचणी म्हणतात.

ही कल्पना जुनीच आहे. दूरध्वनीवरची तबकडी जाऊन बटणे यायची होती, तेव्हा अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या करून माणसांना नंबर लावायला बसवले. डाइनिंगर यांनी १९६० साली त्याचा अहवाल छापला आणि १९६३ साली बटणांचा फोन ग्राहकांच्या हाती आला. तुमच्या मोबाइलवर १-२-३ वरच्या ओळीत आहेत, कॅल्क्युलेटरवर मात्र खाली. पाहा बरे!

चाचणीची तयारी लग्नाएवढी नसली तरी मुंजीएवढी खासच असते. माणसे निवडताना कचेरीतले सहकारी वर्ज्य. ज्याने बटण केले, त्याला ते सापडणारच! ५ माणसे बसवली की सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असा हिशेब याकोब नील्सन यांनी २००० साली मांडला. मात्र दुरुस्ती करून पुन्हा नवी ५ माणसे बसवायची, हे त्यांचे पथ्य लोक विसरतात. बटणावर ‘बिल भरा’ असेल तर कामगिरी सांगताना ते शब्द वापरायचे नाहीत, “विजेचे बिल आले आहे, आता काय कराल?” एवढेच विचारायचे. आदल्या दिवशी एक रंगीत तालीमही हवी.

“आवडले का?” हा प्रश्न कटाक्षाने टाळायचा. आपली माणसे भिडस्त. आमटीत मीठ नसले तरी “छान झालीय” म्हणणारी!

२०१९ साली पैसे पाठवण्याच्या एका ॲपची चाचणी होती. खाते लुटुपुटीचे, पिनही लुटुपुटीचा. एक निवृत्त शिक्षक आले. मी सांगितले, “सर, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्याने बोला. नको वाटले तर केव्हाही उठा.” पडद्यावर कोणीतरी २,००० रुपये मागत होते. सर म्हणाले, “अरे वा, पैसे आलेत!” आणि ते घेण्यासाठी त्यांनी पिन दाबला. वास्तविक पैसे घ्यायला पिन लागतच नाही. खाते खरे असते तर रक्कम गेली असती.

अशा वेळी गप्प बसणे फार कठीण. पण काम संपेपर्यंत बोलायचे नाही, हा नियम.

“वय झालं हो माझं,” ते खजील होऊन म्हणाले. मी त्यांना पिनचे सारे समजावले आणि सांगितले, “सर, आज पाचांपैकी तुम्ही तिसरे.” शेजारच्या खोलीत आमचे तरुण इंजिनिअर हे पाहत होते. “लोक नीट वाचत नाहीत,” असे सकाळी म्हणणारा त्यांतला एक आता मान खाली घालून लिहीत होता. चार दिवसांनी पडद्यावर नवी ओळ आली : ‘तुमच्या खात्यातून २,००० रुपये जातील.’ पुढच्या फेरीत एका आजींनी ती वाचली आणि ठणकावल्या, “जातील? मग मुळीच नको!”

तुमच्या घरी आजोबा फोनवर अडले तर तो हातातून ओढून घेऊ नका. शांतपणे विचारा, “तुम्हांला इथे काय दिसतंय?” उत्तर ऐकलेत की चूक कोणाची, ते तुमचे तुम्हांलाच कळेल.