निद्रा आणि गुंगी : प्रयोगप्राण्यांच्या नेत्ररक्षणाचा प्रश्न

निद्रित प्राण्याच्या पापण्या मिटलेल्या असतात. औषधाने गुंगलेल्या उंदराच्या मात्र बहुधा उघड्याच राहतात. प्रयोगशाळेत या दोन्ही अवस्थांना सरसकट ‘झोप’ म्हटले जाते, आणि झोपलेल्याचे डोळे सुरक्षित असणारच, हा समज त्या शब्दाबरोबर नकळत येतो. प्रयोगप्राण्यांच्या डोळ्यांची जी हेळसांड होते तिच्या मुळाशी पुष्कळदा हाच समज असतो.

झायलाझिन हे शामक आणि केटामाइन हे शुद्धिहारक यांचे मिश्रण उंदरांना देण्याचा प्रघात जुना आहे. त्याच्या अमलाखाली पापण्यांची उघडझाप थांबते. अश्रूंचा पातळ थर उघडझापेनेच डोळ्यावर पसरत असल्यामुळे तो सुकू लागतो व डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, कोरडे पडते. यातून दोन निरनिराळे विकार संभवतात.

पहिला विकार भिंगाचा. उघड्या स्वच्छमंडलातून पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यामागील द्रवाची संहती वाढते आणि भिंग पांढुरके दिसू लागते. उंदराचा डोळा लहान व त्यातील द्रव अत्यल्प, म्हणून हे फार लवकर घडते. फ्राउनफेल्डर व बर्न्स यांनी १९७० साली अशा तात्पुरत्या अपारदर्शकतेचा ऊहापोह केला. झायलाझिनमुळे उंदरांत ती उद्भवते, हे कॅल्डरोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले. प्राणी शुद्धीवर आल्यानंतर ती सहसा ओसरते. तिला ‘मोतीबिंदू’ म्हणून मोकळे होणाऱ्या अभ्यासकाची दिशाभूल होते, कारण चाचणीसाठी दिलेल्या द्रव्याचा दोष म्हणून जे नोंदले जाते, तो वस्तुतः गुंगीचा परिणाम असू शकतो.

दुसरा विकार स्वच्छमंडलाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. कोरडेपणाने त्याचा पृष्ठभाग सोलवटतो, व्रण पडतात, आणि कायमचा डागही राहू शकतो. शिवाय स्वच्छमंडल अतिशय संवेदनशील असल्यामुळे शुद्धीवर आलेल्या मुक्या जिवाला ती वेदना भोगावी लागते.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. प्राणी गुंगताच दोन्ही डोळ्यांत नेत्रोपयोगी स्निग्ध मलम घालावे व गुंगी लांबल्यास ते पुन्हा घालावे. डोळ्यांचेच निरीक्षण करावयाचे असेल, तर मलमाऐवजी पारदर्शक वंगणद्रव वापरावा. वाऱ्याचा झोत तोंडावर येऊ देऊ नये. कुशीवर ठेवलेल्या प्राण्याचा खालचा डोळा भुशाला घासणार नाही, हे पाहावे. अटिपामेझोल हा उतारा झायलाझिनचा अंमल दूर करून गुंगीचा काळ कमी करतो; परंतु केटामाइनवर त्याचा इलाज चालत नसल्याने तो घाईने देणे योग्य नव्हे. पापण्यांची उघडझाप पूर्ववत होईपर्यंत देखरेख सोडू नये.

मलम केव्हा घातले आणि उघडझाप केव्हा परतली, या दोन वेळा प्रयोगवहीत मात्रेइतक्याच काटेकोरपणे लिहिल्या जाव्यात. त्या नोंदींवाचून डोळ्यातील पांढुरकेपणाचा अर्थ पुढे कोणालाच निश्चितपणे लावता येणार नाही. ‘प्राणी झोपला’ एवढ्या एका वाक्याने ही उणीव भरून निघत नाही.