सभेला यायला वेळ कुणाकडे आहे? अथेन्सचा नागरिक आणि आपली ग्रामसभा

(शहापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय आहे प्राचीन ग्रीक समाजातलं नागरिकत्व. शहापुरात बसून अथेन्सची गोष्ट कशाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. खरं सांगायचं तर मीसुद्धा इतकी वर्षं ॲरिस्टॉटल शिकवला तो परीक्षेपुरताच. निवृत्त झाल्यावर मुरबाडकडच्या एका गावात ग्रामसभा बघायला गेलो होतो. सकाळी अकराची वेळ. मंडप होता, सतरंज्या होत्या, माणसं मात्र वीस-पंचवीस. तासभर वाट पाहिली, कोरम भरला नाही, सभा तहकूब. बाहेर पडलो तर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. तिला विचारलं, "सभेला आला नाहीत?" ती म्हणाली, "रोज बुडवून कोण येणार, बाबा?"

त्या क्षणी मला ॲरिस्टॉटल आठवला, कारण नेमका हाच प्रश्न त्याच्याही पुढे होता.

आता क्रमाने बघू. नागरिक म्हणजे कोण? आपण म्हणतो, ज्याच्याकडे आधार कार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे तो. ॲरिस्टॉटल 'राज्यशास्त्र' या ग्रंथात वेगळं सांगतो. केवळ एखाद्या ठिकाणी राहतो म्हणून माणूस नागरिक होत नाही. जो निर्णय घेण्यात आणि न्याय देण्यात वाटेकरी आहे, तो नागरिक. 'वाटेकरी' हा शब्द लक्षात ठेवा. शेतात वाटा असतो तसा कारभारात वाटा.

अथेन्समध्ये हा वाटा एका दिवसात मिळाला नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला गरीब शेतकरी कर्जात बुडाला होता. कर्जाला तारण म्हणून स्वतःचं शरीर लिहून द्यायचं, आणि फेड झाली नाही की गुलाम व्हायचं, अशी रीत होती. इसवी सनपूर्व ५९४ च्या सुमारास सोलोनने ती रीत बंद केली. माणसाचं शरीर तारण ठेवायचं नाही, हा त्याचा कायदा. नागरिकत्वाची पहिली पायरी ही. आधी माणूस सुटला, मग सभेत बसला.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्या घरी राबायचं. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीनं या वेठीविरुद्ध लढा दिला. वेठबिगारी रद्द करणारा देशाचा कायदा यायला १९७६ साल उजाडलं. म्हणजे १९५० पासून मताचा हक्क होता, पण अनेकांचं शरीर अजून गहाणच होतं.

सोलोननंतर सुमारे ८५ वर्षांनी क्लेइस्थेनिसने दुसरी गोष्ट केली. त्याने नागरिकत्व गावाशी जोडलं. त्यांच्याकडे गावाला किंवा वस्तीला 'डेमॉस' म्हणत. अशी १३९ डेमॉस होती. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या डेमॉसची सभा त्याचं नाव नोंदवायची. डेमॉसमधून चिठ्ठ्या टाकून माणसं पाचशेंच्या मंडळावर जायची. मोठ्या लोकसभेचं कामकाज हे मंडळ ठरवायचं. एकाच माणसाला आयुष्यात दोनदाच त्यावर बसता यायचं. त्यामुळे मंडळावर सतत नवी माणसं लागत, आणि एरवी शेत नांगरणाऱ्यालाही राज्याच्या कारभाराशी तोंडओळख व्हायची.

मोठी सभा प्निक्स टेकडीवर भरायची, पुढच्या काळात वर्षाला ४० वेळा. काही निर्णयांना सहा हजारांचा कोरम लागायचा. तिथेही माणसं बाजारात गप्पा मारत रेंगाळत. मग लाल रंगात बुडवलेला दोर घेऊन शिपाई त्यांना सभेकडे हाकत, असं अरिस्टोफेनिसच्या नाटकात येतं. म्हणजे कोरमचं दुखणं आपल्याच ग्रामसेवकाचं आहे असं नाही, ते अडीच हजार वर्षं जुनं आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. रोज बुडवून कोण येणार? ॲरिस्टॉटलचं उत्तर कठोर आहे. कारभाराला फुरसत लागते, हातावर पोट असणाऱ्याला फुरसत नाही, म्हणून उत्तम राज्यात कारागीर आणि मजूर नागरिक नसावेत. अथेन्सच्या लोकांनी मात्र उलट उत्तर दिलं. फुरसत नाही ना? मग आपण ती विकत घेऊ. इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांनी सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू केला. आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, आणि एक द्राख्मा म्हणजे कुशल कामगाराचा साधारण दिवसाचा रोज. थोडक्यात, अर्धा रोज सरकार भरून देत असे. न्यायालयात पंच म्हणून बसणाऱ्यांना तर पेरिक्लिसच्या काळापासूनच पैसे मिळत.

पण थांबा, अथेन्सची आरती ओवाळू नका. हा वाटा फक्त पुरुषांना होता. बायकांना नव्हता. गुलामांना नव्हता, आणि नागरिकांची फुरसत बऱ्याच अंशी त्यांच्याच कष्टावर उभी होती. परगावाहून येऊन राहिलेल्यांना 'मेटिक' म्हणत. ते वर्षाला १२ द्राख्मा कर भरत, लढाईला जात, पण सभेत बोलू शकत नसत. आणि गंमत बघा, नागरिकाची व्याख्या करणारा ॲरिस्टॉटल स्वतः मेटिकच होता. स्टागिराचा माणूस. अथेन्सच्या सभेत त्याला हात वर करता येत नव्हता.

आपल्या घटनेनं हे दार सगळ्यांना उघडलं. बाई, दलित, आदिवासी, सगळे नागरिक. त्यात शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधलीही काही गावं आहेत. म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथे लागू होतो. योजनेचे लाभार्थी ठरवणं, गौण वनोपज, गावातलं लहान तळं, जमीन संपादनाआधी सल्लामसलत, या बाबतीत ग्रामसभेला अधिकार आहेत. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. क्लेइस्थेनिसने डेमॉसला जे दिलं, त्याच्याशी हे ताडून बघा. ज्या तालुक्यातून तानसा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि जिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे बोलायला विषय कमी नाहीत.

मग माणसं कुठे आहेत? कातकरी कुटुंबं घ्या. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आपल्या ग्रामसभा सहसा कधी होतात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारपैकी दोन सभांच्या वेळी ही माणसं भट्टीवर असतात. घरकुलाची यादी त्यातल्याच एका सभेत झाली, तर त्यांचं नाव कोण सुचवणार? कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. कॅलेंडरनं वगळलं. कागदावर नागरिक, व्यवहारात मेटिक.

मला वाटतं, ग्रीकांकडून शिकायचं ते एवढंच. नागरिकत्वाला वेळ लागतो, आणि गरिबाच्या वेळेला किंमत असते. लोक उदासीन आहेत असं म्हणणं सोपं आहे. त्यांचा रोज किती बुडतो, याचा हिशोब आपण कधी मांडला?

भत्ता देणं सरकारच्या हाती आहे, ते आज आपल्याकडून होणार नाही. पण वेळ ठरवणं? सभा संध्याकाळी पाड्यावर घेता येते. लाभार्थ्यांची निवड भट्टीवरची माणसं घरी असतील तेव्हाच करावी, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायचीच असते, ती स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये एवढं तरी बघता येतं. इथे बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी आपापल्या गावात विचारावं, मागच्या सभेला कोण नव्हतं आणि का नव्हतं.

अथेन्सच्या सभेत सुरुवातीला दवंडीवाला विचारायचा, कुणाला बोलायचं आहे? प्रश्न चांगला आहे. पण तो विचारायच्या आधी बघावं लागतं की ज्याला बोलायचं आहे तो आज गावात आहे का. ती मोळीवाली बाई तहकूब झालेल्या सभेला तरी आली का, मला ठाऊक नाही. येत्या सभेला ती यावी, आणि तिला रोज बुडवावा न लागता यावी, एवढीच अपेक्षा.